उस्ताद, हा तंबोरा तुम्ही बसवलात का?

श्री. उस्ताद यांस,

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं नाही तरी वाशी ते खारघर पट्ट्यातल्या निम्म्या अ‍ॅक्सेसरीवाल्यांना पत्र आपल्यालाच आहे असं वाटेल.

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या अप्पांना, वय ७८, बेलापूरला बहिणीकडे नेत होतो. भीमसेनांचा यमनकल्याण लावला होता. मोराज सर्कल मागे पडलं, पाम बीच रोड मोकळा मिळाला, गाडी चौथ्यात टाकली आणि अप्पा म्हणाले, "अरे, हा तंबोरा चढतोय का?" सिग्नलला थांबलो, तंबोरा उतरला. सिग्नल सुटला, पुन्हा चढला. नेरूळ येईपर्यंत अप्पांनी तीनदा कानाला हात लावला, आणि तो घराण्याचं नाव घेताना लावतात तसला नव्हता. सीवूड्सला त्यांनी स्वतःच डेक बंद केला. भीमसेनांना अर्ध्या तानेत थांबवलेलं मी या घरात प्रथमच पाहिलं.

तुमचं अभिनंदन केलं पाहिजे. २२ हजारांत मी चार स्पीकर, एक अ‍ॅम्प आणि एक बूफर मागितला होता. तुम्ही साथीला अल्टरनेटरही बसवून दिलात, तोही फुकट.

डाव्या दाराची क्लिप मोडलीत, ती माफ. बूफरच्या पेटीमुळे स्टेपनी निघत नाही, तेही सोडा. पण हा तंबोरा, ही शिट्टी! पहिल्या खेपेला तुम्ही म्हणालात, स्पीकर हलके आहेत. बदलले, पैसे घेतले. दुसऱ्या खेपेला फिल्टर विकलात. शिट्टी तशीच राहिली, गाणं मात्र सर्दी झाल्यासारखं येऊ लागलं. तिसऱ्या खेपेला गाडीकडे न बघता म्हणालात, "सर, आवाज मोठा ठेवा ना, मग नाही ऐकू येत. तुमचे कानच जास्त तिखट आहेत."

माझे कान! अहो, ७८ वर्षांच्या माणसाला ऐकू येतंय ते. रोज दहा गाड्यांचे डेक उघडणाऱ्या माणसाला ते ऐकू येत नसेल, तर तो ऐकतो तरी काय?

अल्टरनेटर वीज तयार करतो ती उलटसुलट वाहणारी. डायोड तिला एका दिशेला वळवतात, पण थोडी लहर उरतेच. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर असेल तर एका फेरीला ३६ लहरी. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं घुरघुरत असलं आणि पट्टा अल्टरनेटरला अडीचपट पळवत असला, तर सेकंदाला १२०० लहरी होतात. म्हणजे चांगली खणखणीत शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढणार, सोडला की उतरणार. जो आवाज इंजिनाबरोबर चढतो-उतरतो तो स्पीकरचा दोष नव्हेच. मग तुम्ही स्पीकर कसले बदललेत?

सोमवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून मी अ‍ॅम्पच्या दोन्ही आरसीए पिना, डेकमधून गाणं आणणाऱ्या, उपटल्या. एकदम शांतता. म्हणजे अ‍ॅम्पही निर्दोष, स्पीकरही. दहा सेकंदांचं काम. मग सीटखाली हात घातला. अ‍ॅम्पची अर्थिंगची वायर तुम्ही रंगावरच स्क्रूने आवळली होती, आणि खाडीच्या हवेने स्क्रूला तांबही चढली होती. डेकची अर्थिंग पुढे, अ‍ॅम्पची मागे, दोघांत व्होल्टेजचा जरासा फरक. तो आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि गाण्यात मिसळतो. शिवाय बॅटरीची वायर आणि आरसीए तुम्ही एकाच झिपटायने अशा बांधल्यात, जणू लग्नगाठ.

वीस रुपयांचा पॉलिश पेपर आणला. पत्रा चकाकेपर्यंत घासला. शिट्टी निम्म्याने कमी झाली. वीस रुपये, उस्ताद! मी तीन खेपा घातल्या आणि तुम्ही एकदाही एक स्क्रू काढून बघितला नाहीत.

हे लिहून झालं आणि फिटिंगचा दिवस आठवला. मे महिना, डोकं डॅशबोर्डखाली, पाय फुटपाथवर, आणि दर पाच मिनिटांनी "अजून किती वेळ?" विचारणारा मी. तुमचा शेठ बोलला होता, पोरांना गाडीमागे पैसे. पत्रा घासायचे कुणी देत नाही. माझ्या बिलात फिल्टरची ओळ आहे, स्पीकरची आहे. दोष शोधण्याची नाही. आणि जाड वायर दाखवून "सर, सहाशे जास्त लागतील" असं म्हणालात, तेव्हा "साधीच टाका हो" म्हणणारा गृहस्थ कोण होता, ते आपण दोघंही जाणतो.

उरलेली शिट्टी माझ्याने निघत नाही. आरसीए दुसऱ्या बाजूने कार्पेटखालून न्यावी लागेल, सीट काढावी लागेल. रविवारी सकाळी नऊला येतो, शेठ यायच्या आत. सहाशेची जाड वायर टाका. दोन तासांचे वेगळे घ्या, बिलावर "शोधण्याचे" असं लिहून. मी घड्याळ बघणार नाही.

अप्पाही येणार आहेत. त्यांना तुम्हाला सांगायचंय की चौथ्या गियरला, साठाच्या वेगाला तुमची शिट्टी बरोबर तीव्र मध्यमावर लागत होती.

आपला,
तिखट कानांचा