शब्दकोशातलं सत्तांतर

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशात २०११ साली सत्तांतर झालं, आणि आपल्या एकाही वाहिनीने त्यावर रात्री नऊची चर्चा लावली नाही. मूळचा सत्ताधारी शब्द होता 'सेट'. १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत या एका क्रियापदापायी सुमारे साठ हजार शब्द खर्ची पडले होते. नुसत्या 'सेट'चे अर्थ ४३०, आणि मागे शेपट्या लावून होणारे धरले तर ५८० च्या आसपास. एकाच मंत्र्याकडे इतकी खाती द्यायची हिंमत आपल्याकडेही अजून कोणी केलेली नाही.

पुढे नव्या आवृत्तीचं काम निघालं. संपादकांनी ते 'ए'पासून न धरता 'एम'पासून धरलं. आपल्याकडे याला प्रभागरचना बदलणं म्हणतात. निकाल व्हायचा तोच झाला. २००० साली 'मेक'ने 'सेट'ला मागे टाकलं, २००७ मध्ये 'पुट'ने 'मेक'ला, आणि शेवटी 'रन' ६४५ अर्थांचं बहुमत घेऊन गादीवर आला. त्या एका नोंदीसाठी पीटर गिलिव्हर नावाचा संपादक नऊ महिने खपत होता. नऊ महिने म्हणजे तसा रीतसरच काळ.

आता 'सेट'ने इतकी वर्षं टिकाव कसा धरला? सोपं आहे. त्याला स्वतःचं मत नाही. शेजारी 'अप' बसला की तो उभारणी करतो, 'ऑफ' बसला की प्रवासाला निघतो नाहीतर फटाके उडवतो, 'असाइड' बसला की खालच्या कोर्टाचा निकाल रद्द करतो. सूर्य 'सेट' होतो तेव्हा बुडतो, जेली 'सेट' होते तेव्हा जमते, आणि मोडलेलं हाड 'सेट' केलं की जागेवर येतं. बुडणाऱ्याच्याही सोबत आणि जमलेल्याच्याही सोबत! पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची व्याकरणाला लागू नाही, हे त्याचं भाग्य.

'रन' मात्र नावाप्रमाणे पळापळीचा गडी. नदी, नाक, इंजिन, कारखाना, धुण्यात सुटणारा कपड्याचा रंग, सगळ्यांना एकच क्रियापद. बँकेवर 'रन' आला की ठेवीदार पहाटेपासून रांगेत उभे असतात, म्हणजे धावतं कोणीच नाही. पण खरी मौज निवडणुकीची. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, धावतो. इंग्लंडात तोच उमेदवार 'स्टँड' करतो, उभा राहतो. आमचा कारभार याहून प्रगत आहे. आमच्याकडे एक जण उभा राहतो, त्याला पाडण्यासाठी दुसऱ्याला उभं केलं जातं, आणि माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दोघांपैकी एकाला बसवलं जातं. धावायचं ते निकालानंतर, रिसॉर्टच्या दिशेने.

ऑक्सफर्डमध्ये पायउतार झालेल्या 'सेट'ने खरं तर महाराष्ट्रात यावं. इथे त्याची जागा सुरक्षित आहे. लग्नात आलेला सहा कपांचा सेट आपण वेष्टन न फोडता पुढच्या लग्नात देतो. पार्लरमध्ये केस सेट होतात, डब्यात दही सेट होतं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे प्राध्यापक होण्यासाठी द्यायची 'सेट' परीक्षा. मुलगा एमए होतो, 'सेट' होतो, आणि मग तासिका तत्त्वावर शिकवायला लागतो. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही. मुलीकडचे विचारतात, "मुलगा सेट आहे का?" वडील म्हणतात, "हो, पहिल्याच प्रयत्नात." दोघंही खरं बोलतात आणि लग्न मोडतं. एका शब्दाच्या दोन अर्थांमधलं इतकं अंतर त्या वीस खंडांतही सापडायचं नाही.

कायम जागा कशाने मिळते, तेही सर्वांना माहीत आहे. सेटिंगने. इंग्रजीत 'सेटिंग' म्हणजे अंगठीतल्या खड्याचं कोंदण, नाटकाचा देखावा, फार तर यंत्राची कळ. आमच्या सेटिंगला यंत्र लागत नाही. टेंडर, बदली, प्रवेश, जमिनीची मोजणी, जे नियमाने होत नाही ते तिच्याने होतं. साहेबांच्या भाषेचा कच्चा माल आणून इथे आम्ही असा पक्का माल तयार केला, पण त्याची दखल कोणी घ्यायची? २०१७ साली ऑक्सफर्डने आपल्याकडचे 'अच्छा' आणि 'चूप' उचलले. आमचं मत असं की, या दोन शब्दांवर सरकारी सभा चालते, सरकारी काम नाही.

तेव्हा आमची सेटिंगही कोशात गेलीच पाहिजे. काम अवघड नाही. हा कोश मुळात उभा राहिला तोच वाचकांनी पोत्यांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर. चिठ्ठीवर चालणारी संस्था म्हटल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही हायसं वाटेल. फक्त ऑक्सफर्डला कोणाची चिठ्ठी चालते, तेवढं आतल्या माणसाकडून काढून घ्यायला हवं.