उतारेशास्त्री

पुण्याच्या सदाशिव पेठेत, जेथे पूर्वी वेदशास्त्रसंपन्न मंडळींचे वाडे होते तेथे आता स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांची दाटी झाली असल्यामुळे शास्त्रीपणाची परंपरा लयास गेली असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी सायंकाळच्या सुमारास तेथील कोणत्याही चहाच्या टपरीपाशी क्षणभर उभे राहावे. कानावर पेन्सिल, हाती कटिंग आणि काखेत झेरॉक्सची चळत अशा थाटात जी व्यक्ती तेथे चारपाच पोरांना काही समजावीत असेल, ती उतारेशास्त्री होय. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत सीसॅट नामक प्रश्नपत्रिका दाखल केली आणि उतारा वाचून त्याचे सार चार पर्यायांतून निवडण्याचे फर्मान काढले, तेव्हापासून ही जमात उदयास आली.

शास्त्रीबुवांचा सिद्धान्त असा की, सारांश निवडायचा नसतो, तर उरलेले तीन मारायचे असतात. आणि ते तिघे कसे मरतात हे आपल्या नैयायिकांनी आयोग जन्मास येण्यापूर्वीच लिहून ठेवले आहे. गायीचे लक्षण शिंगे असे केले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. तपकिरी रंग असे केले तर पांढरी गाय दाराबाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि अखंड खूर असे केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. एक पर्याय उताऱ्याहून ऐसपैस, दुसरा त्यातल्या एकाच वाक्यापुरता, तिसरा उताऱ्यात नसलेलाच, हे एकदा ओळखले की चौथा आपोआप हाती लागतो. (हे मला मनापासून पटते, न्यायशास्त्राचा तर्कसंग्रह शिकविणाऱ्यांनी पर्यायांचे हे उदाहरण अवश्य उचलावे.) ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’ हे शब्द दिसताच ते पर्यायावर फुली मारतात आणि ‘मात्र’, ‘तथापि’ यांच्यापुढील मजकूर पेन्सिलीने इतका गडद अधोरेखित करतात की मागील पानावरही तो उमटतो.

अडचण एवढीच की, हा व्यासंग प्रश्नपत्रिकेपुरता राहत नाही. परवा गावाहून वडिलांचा फोन आला आणि विहीर आटल्यापासून चुलतभावाच्या सोयरिकीपर्यंत सारी कैफियत त्यांनी ऐकविली, तेव्हा फोन ठेवून शास्त्रीबुवा खोलीतल्या सोबत्यांस म्हणाले, “पाणीटंचाई ही अतिव्याप्ती, सोयरीक ही अव्याप्ती, मला भेटण्याची ओढ हा असंभव, बरोबर उत्तर, पुढल्या महिन्यापासून पैसे बंद. आणि गंमत पाहा, पैशाचा शब्दसुद्धा उच्चारला नाही. उतारा उत्तम होता.” मेसच्या मावशींनी थकलेल्या बिलाचा विषय काढला, तेव्हा मात्र ‘माहिती खरी असेल, पण उताऱ्यात तिला आधार नाही’ असा निकाल त्यांनी दिला. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला. त्यास आधार लागला नाही.

एकतृतीयांश या अपूर्णांकाने त्यांचा जन्मभर पिच्छा पुरविला आहे. शाळेत सारांश मूळ उताऱ्याच्या एकतृतीयांश लिहायचा असे. आयोगाकडे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण कापतात. आणि २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरून तीत तेहतीस टक्के मिळाले की पुरतात. इतका उदार नियम असताना शास्त्रीबुवा स्वतः परीक्षेस बसून नापास कसे होतात, याचे उत्तर घड्याळात आहे. दोन तासांत ऐंशी प्रश्न म्हणजे दर प्रश्नास दीड मिनिट; आणि शास्त्रीबुवा तीन पर्याय मारून थांबत नाहीत, चौथ्याचीही उलटतपासणी करतात, त्यात किंचित अव्याप्ती आढळली की उत्तर तहकूब ठेवतात, आणि घंटा होते तेव्हा बहुतेक उत्तरपत्रिका कोरी असते. आयोगाच्या उत्तरसूचीशी झालेल्या मतभेदांचे त्यांचे स्वतंत्र दप्तर आहे. ते वाचनीय आहे.

पुढील परीक्षेचा अर्ज त्यांनी भरला आहे. तोवर कोणास उताऱ्याविषयी शंका असल्यास सायंकाळी टपरीवर त्यांना गाठावे, शिकवितात ते खरोखर चांगले. चहाचे पैसे मात्र विचारणाऱ्यानेच द्यावेत.