वाणात मिळाली डिंकाची कांडी

एडिसन, न्यू जर्सी
31 जानेवारी 2026

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. थंडीबद्दल मुद्दाम लिहीत नाही. मागे लिहिलं तर बाबांनी फोन करून नागपूरचं किमान तापमान ऐकवलं आणि मॅच जिंकल्यासारखा फोन ठेवला. धाकटीचा खोकला गेला. थोरल्याची मान मोबाइलमध्ये आहे, वर आली की कळवीन.

बातमी अशी की संक्रांतीनंतरच्या रविवारी इथल्या एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. आई, तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते: वाण काय लुटलं तर डिंकाची कांडी आणि एक छोटी कात्री. मी म्हटलं, हे काय बाई, गेल्या वर्षी निदान प्लॅस्टिकचा डबा तरी होता. तर ती म्हणाली, खाली बेसमेंटमध्ये चला, यंदा आपण व्हिजन बोर्ड करून राहिलो.

बाबांसाठी खुलासा. एक मोठा पुठ्ठा घ्यायचा. वर्षभरात किंवा आयुष्यात आपल्याला जे जे पाहिजे, त्याची चित्रं मासिकांतून कापून त्यावर चिकटवायची. मग तो भिंतीवर टांगायचा आणि येता-जाता त्याच्याकडे पाहायचं. पाहून पाहून ते आपल्याकडे चालत येते म्हणतात. 2006 साली 'द सीक्रेट' नावाचा सिनेमा आणि पुस्तक आलं, तेव्हापासून हे खूळ घरोघरी पोचलं. आता जानेवारी लागला की इथे दुकानांत पुठ्ठ्यांची वेगळी रास असते.

पहिली अडचण मासिकांची. आजकाल कोणाच्या घरी मासिक येते? टपालात येतात ती फक्त किराणा दुकानांची जाहिरातीची पानं. त्यामुळे बायकांच्या स्वप्नांत फ्लॉवर, चीज आणि सवलतीतली कोंबडी फार झाली. मैत्रिणीच्या कपाटात मराठी दिवाळी अंकांचा गठ्ठा होता, पण त्याला कात्री लावायची कोणाचीच छाती होईना. एकीनं धीर करून एक उघडला, तर ती त्यातली कथा वाचत बसली आणि शेवटी तिचा पुठ्ठा कोराच राहिला. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात फायद्यात तीच राहिली.

मी सामान घेऊन घरी आले आणि घरच्यांनाही बसवलं. तुमच्या जावयांनी पोटावर सहा वड्या असलेल्या एका माणसाचं चित्र मधोमध चिकटवलं. एका हातानं चिकटवलं, कारण दुसरा हात तू पाठवलेल्या चिवड्यात होता. थोरल्यानं एका मोठ्या कॉलेजचं बोधचिन्ह लावलं आणि त्याच्या बाजूला त्याहून मोठी लाल गाडी. धाकटीनं कुत्रा लावला, मग आणखी एक कुत्रा, आणि खाली तुमच्या दोघांचा फोटो. तुम्ही कुत्र्यांना फिरवायला नेणार, असा तिचा हिशेब आहे.

मी काय लावलं ते पुढे सांगते.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "काऊन बापा, भिंतीला पुठ्ठा लावून कुठं काही होते का?" बाबा, तुमचं बोलणं शास्त्राला धरून आहे. इथे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, 1999 साली तो छापून आला. परीक्षेच्या आधी काही पोरांना रोज डोळे मिटून चांगले मार्क मिळाल्याचं चित्र पाहायला सांगितलं आणि काहींना आपण पुस्तक घेऊन अभ्यासाला बसलो असं चित्र पाहायला सांगितलं. ज्यांनी अभ्यासाचं चित्र पाहिलं, त्यांना मार्क जास्त मिळाले. मी लगेच थोरल्याला म्हटलं, कॉलेजचं चिन्ह काढ आणि अभ्यासाच्या टेबलाचं चित्र लाव. तो म्हणाला, "टेबल तर आहेच की, चित्र कशाला?" मी म्हटलं, टेबल आहे ना, मग त्यावरचे कपडे उचल. तेव्हापासून तो माझ्याशी इंग्रजीतच बोलून राहिला आहे.

पण आई, मला खरं आठवलं ते आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या घरातलं. श्रावणात तू दाराजवळ जिवतीचा कागद लावायचीस. वर नरसिंह, कालियामर्दन, मध्ये पोराबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. शुक्रवारी त्याला आघाडा-दूर्वांची माळ आणि कापसाचं वस्त्र, मग आम्हा भावंडांना ओळीनं बसवून ओवाळणं. लेकरं धडधाकट राहावीत, एवढी एकच इच्छा, आणि तिचं चित्र भिंतीवर. आम्ही किती पिढ्यांपासून हे करून राहिलो, आणि इथे लोक त्याच्या कार्यशाळेला पैसे भरतात!

आणि बुध-बृहस्पतीची कहाणी तर याहून पुढची आहे. आजी गंधानं दोन बाहुल्या काढायची ना? कहाणीत स्पष्ट सांगितलं आहे: ज्याला संपत्ती पाहिजे त्यानं पेटीवर काढाव्या, ज्याला धान्य पाहिजे त्यानं कोठीवर. म्हणजे इच्छा बैठकीच्या भिंतीवर टांगायची नाही, ज्या वस्तूशी रोज हात लागतो तिच्यावरच काढायची. पेटी उघडताना, कोठीतून पायलीभर दाणे काढताना त्या दोन बाहुल्या तोंडासमोर. उधळपट्टी करायला निघालेला हात तिथेच थबकत असेल. मला तर ही व्यवस्था अमेरिकन पुठ्ठ्यापेक्षा पुष्कळ पक्की वाटते.

म्हणून मी कात्री घेतली आणि आमचे सगळे बोर्ड पुन्हा कापले. सहा वड्यांचा माणूस चिवड्याच्या डब्यावर लावला. लाल गाडी थोरल्याच्या पाकिटात, उबर मागवायच्या आधी दिसावी म्हणून. एक कुत्रा धाकटीच्या खेळण्यांच्या खोक्यावर, कारण आपला पसारा जिला आवरत नाही तिला दुसऱ्याचा काय आवरणार? दोन दिवस चिवड्याला कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाहते तर चिवडा गुपचूप साबुदाण्याच्या डब्यात गेलेला. त्या डब्यावर आता काय लावावं, ते तूच सुचव.

तरी या पुठ्ठ्यांत एक मोठी खोट आहे, आणि ती नागपूरच्या माणसालाच दिसेल. त्यात 'ये, ये' एवढंच असते. 'जा' कुठेच नसते. न्यूयॉर्क विद्यापीठात गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं संशोधन नेमकं हेच सांगते: नुसती गोड स्वप्नं पाहिली तर अंगातला जोर उलट कमी होतो, म्हणून इच्छेच्या मागोमाग आपल्या वाटेत काय आडवं येते तेही डोळ्यांसमोर आणावं. आता बोला! आपल्याकडे काळ्या मारबतीचा पुतळा 1881 पासून आणि पिवळीचा 1885 पासून मिरवणुकीनं निघतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर येऊन आडवं येणाऱ्या गोष्टींची नावं घेऊन ओरडते. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे नको ते सगळं 'घेऊन जा गे मारबत'. बडग्यांच्या पुतळ्यांच्या गळ्यात तर पाट्याच असतात, कोणाचं काय खटकलं ते मोठ्या अक्षरांत. शेवटी सगळं जाळून टाकायचं. ओटिंगेनबाईंना एकदा नागपूरच्या इतवारीत आणून उभं करायला पाहिजे.

आमच्या घरीही मी एका कागदावर 'घेऊन जा' लिहून फ्रिजला लावला आहे. ह्यांनी लिहिलं: रात्री दहानंतरच्या मीटिंगा. थोरल्यानं लिहिलं: आईचे प्रयोग. धाकटीनं ब्रोकोली काढली.

आता माझा पुठ्ठा. मी दुसरं काही लावलं नाही, पोळ्याचा सजवलेला बैल लावला. दर वेळी आम्ही डिसेंबरातच येतो, कारण पोरांना तेव्हाच सुट्टी. त्यामुळे माझ्या पोरांनी हुरडा खाल्ला, संत्री खाल्ली, अंबाझरी तलावावर फिरली, पण तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढला नाही आणि मारबत पाहिली नाही. मग बैलाखाली, मला काय आडवं येते, तेही लिहिलं. यंदा अधिक ज्येष्ठ, म्हणून पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला, आणि इथल्या शाळा तोवर उघडलेल्या असतात. तेव्हा शाळेला रजेसाठी पत्र लिहिलं आहे, ह्यांनी ऑफिसात तारखा सांगून ठेवल्या आहेत आणि तिकिटांसाठी दर महिन्याला पैसे बाजूला पडून राहिले आहेत. तिकीट अजून काढलं नाही, पण बैल पासपोर्टच्या पाकिटावर चिकटवला आहे. आजीच्या पेटीसारखाच.

बाबा, तुमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मला फार आठवते. गॅस कधी लावला, दुधाचा खाडा कधी, वीजबिल कधी भरलं, सगळं त्या चौकोनांत तुमच्या बारीक अक्षरात. इच्छा आणि तारीख एकाच चौकोनात मावते, हे मी तिथे शिकले. तेव्हा यंदाचं एक कालनिर्णय कोणी येणारं असेल तर त्याच्यासोबत पाठवा, आणि आई, सोबत जिवतीचा कागदही. आणि इतवारीतल्या मावशींना आत्ताच सांगून ठेवा, मारबतीच्या दिवशी त्यांच्या गच्चीवर चौघांची जागा लागेल. सावलीच्या बाजूची बघा, पोरांना नागपूरचं ऊन झेपणार नाही.

तुमची,
बेबी