अडीच फूट रुबाब

माळेगावच्या यात्रेत उंटाकडे जितकी माणसं वळून बघतात तितकी आपल्याकडेही बघतील, असा माझा हिशेब होता. हिशेबात खोट काही नव्हती. उंटाला चार पाय. आम्ही सहा चाकांवर आलो होतो. आणि उंटात फ्रीज नसतो.

गाडी साडूंची. टेक्सासमधली नोकरी संपवून ते परत आले, आणि चारचौघांसारखा पुण्यात फ्लॅट न घेता मिनीबसच्या चासीवर मोटरहोम बांधून घेऊन बसले. पहिल्या सहलीच्या आधीच गुडघे बदलायला दवाखान्यात जावं लागलं. ‘उभी राहून खराब होईल, तुम्ही फिरवून आणा,’ म्हणत त्यांनी ती ड्रायव्हरसकट आमच्या हवाली केली. लातूरहून नांदेड, हजूर साहिबचं दर्शन, येताना माळेगाव, आणि वेळ अमावास्येला चाकूरजवळ आमच्या शेतात, जिथे सगळा गोतावळा जमतो. गाडी साडूंची आहे ही गोष्ट मी कुणापासून लपवली नाही. कुणी विचारलीच नाही. लोक विचारत, ‘केवढ्याला पडली?’ आणि त्यावर ‘काही विचारू नका’ हे माझं उत्तर संपूर्ण सत्य होतं.

साडू पाहुण्यांना टीव्ही दाखवत. मी थेट पाण्याची टाकी दाखवी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागर घेऊन ज्याने हुज्जत घातली आहे, त्याने स्वतःची भरलेली टाकी घेऊन हायवेवरून हिंडणं यात काय सुख आहे ते टेक्सासवाल्याला कळणार नाही. नळ सोडून मी पाहुण्यांना धार दाखवी आणि लगेच बंद करी. सवय.

पण खरा रुबाब स्लाईडचा. गाडी उभी करून बटण दाबलं की कपाटाचा खण ओढावा तशी गाडीची एक बाजू, आतल्या पलंगासकट, अडीच फूट बाहेर येते. भिंतीत दोन्हीकडे दातेरी पट्ट्या, प्रत्येक पट्टीला स्वतंत्र मोटर, आणि दोघींनी बरोबरीने चालावं म्हणून मध्ये एक कंट्रोलर. एक मोटर मागे रेंगाळली तर खोली तिरकी होते. मग कंट्रोलर दोघींनाही थांबवतो आणि एक लाल दिवा मिचकावत बसतो. प्रवासात ती खोली आत असावीच लागते. रस्त्यावर गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या वर नियमात बसत नाही, आणि आमची खोली बाहेर आल्यावर तीन मीटरच्या घरात जाई. थोडक्यात, फक्त उभं राहून मिरवण्याची सोय. मला अशा सोयी आवडतात.

नांदेडला ती सोय वाया गेली. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला मी बटण दाबलं, खोली बाहेर आली, आणि कॅनडाहून आलेल्या एका वयस्क सरदारजींनी सगळी गाडी चहूबाजूंनी पाहून प्रेमाने विचारलं, ‘एकच स्लाईड?’ त्यांच्या तिकडच्या गाडीला तीन होत्या. आम्ही लंगरमध्ये पंगतीला बसलो तेव्हाही ते माझ्याकडे त्याच करुणेने बघत होते असं मला वाटलं. बायकोच्या मते ते वरणाच्या बादलीकडे बघत होते.

म्हणून माळेगाव. तिथे कॅनडाचं कुणी भेटणार नव्हतं.

लोह्याच्या पुढे, मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात खंडोबाचा तो माळ माणसांनी आणि जनावरांनी भरून जातो. घोडे, गाढवं, उंट, कुत्री. आमच्याकडची देवणी आणि कंधारची तांबडीलाल लाल कंधारी, जिच्यापुढे कुठल्याही गाडीचा रंग फिका. वैदू, घिसाडी, मसणजोगी, गोंधळी अशी वर्षभर वाटेवर असणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे भेटतात. सोयरिकी ठरतात, जुनी भांडणं मिटतात, नवी लागतात. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. माळेगावात ते आधीपासूनच राबवलं जात होतं, फक्त त्याला कुणी धोरण म्हणत नव्हतं.

माळाच्या कडेला जागा पाहून मी बटण दाबलं. खोली निघाली. सुमारे दोन फूट आली, डावीकडून थोडी जास्त, उजवीकडून थोडी कमी, आणि कुरकुरून थांबली. लाल दिवा. पुन्हा बटण. पुन्हा लाल दिवा. आत घेण्याचं बटण. तोच दिवा, तितक्याच निष्ठेने.

त्या क्षणापासून गाडी साडूंची झाली. बघणाऱ्या प्रत्येकाला मी न विचारता सांगू लागलो.

बघणारे मात्र भरपूर आले. त्या बाबतीत हिशेब चुकला नाही. पण कुणालाही वाटलं नाही की आत माणसं राहतात. एकाने विचारलं, मतदान यंत्र दाखवायला आलाव का? दुसऱ्याने आधार कार्डाचा पत्ता बदलून मिळेल का म्हणून. तमाशाच्या कनातीकडून आलेला एक जण आतला आरसा पाहून म्हणाला, ‘बाई कवा येणार?’ बायको दारातच उभी होती. आणि मग एक म्हातारी पायरीवर येऊन बसली, पदराने उजवा डोळा पुसला आणि म्हणाली, ‘ह्याचं झालंय. आता डाव्याचं बगा.’ मी तिला समजावेपर्यंत तिच्यामागे रांग लागली होती. रांगेत एक शिस्त होती, जी मी शाळेत हेडमास्तर असताना कधी पाहिली नाही.

‘आजी, ही दवाखान्याची गाडी नाही.’

‘मागल्या बारीलाबी असंच म्हनले. म्हनले, दुसऱ्या डोळ्याला दुसरी गाडी येईल.’

बायकोने तिला आत नेऊन चहा दिला. म्हातारीने पलंग चाचपून पाहिला आणि विचारलं, इथंच झोपवतेत का.

पागोटं घातलेला एक व्यापारी मात्र जाणकार निघाला. त्याने टायर दाबले, वाकून चासी पाहिली, डिझेलच्या टाकीवर बोट वाजवलं, आणि काही कळायच्या आत माझ्या हातावर उपरणं टाकून खालून माझी बोटं धरली. जनावरांचा सौदा तिथे असाच होतो. भाव तोंडाने बोलत नाहीत. मी बावचळून हात सोडवायला गेलो, त्यात माझी तीन बोटं त्याच्या मुठीत राहिली. तो समाधानाने हसला, उपरणं झटकलं आणि निघून गेला.

ड्रायव्हर पुण्याकडचा. तो बॉनेटला टेकून उभा होता. ‘साहेब, गाडी चालवणं माझं काम. खोली चालवणं नाही.’ या वाक्यावर वाद घालता येत नाही, मी प्रयत्न केला. साडूंना व्हिडिओ कॉल लावला. ते पलंगावर, दोन्ही गुडघे पट्ट्यांत. त्यांनी विचारलं, जमीन लेव्हल होती का? मी फोन फिरवून त्यांना माळेगावचा माळ दाखवला. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

इथे मला वेळ अमावास्येबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण माझी खरी घाई त्या खोलीची नव्हती, आंबिलीची होती. दुसऱ्या दिवशी ती, आमच्या बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर शहरात तुम्ही आलात तर कर्फ्यू लागलाय असं वाटेल. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावरही धड गर्दी नसते. सगळं गाव शेतात. ज्याचं शेत नाही तो मित्राच्या शेतात, आणि ज्याला मित्र नाही त्याने नुसतं रस्त्याने चालत राहावं. कुणीतरी हाक मारून जेवायला बसवतंच. कडब्याची खोप उभारतात, आत चुन्या-कावेने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. मग भज्जी. पुण्याचे पाहुणे दरवर्षी विचारतात, ‘तळलेली का?’ नाही हो. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळेल ती पालेभाजी, बेसन आणि चिंच, असं सगळं एकत्र शिजून ज्याचा कुठलाच घटक वेगळा ओळखता येत नाही, ती भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून, ताक घालून, लसूण-जिऱ्याचा वास लावून मातीच्या बिंदगीत रात्रभर ठेवलेली. डोक्यावरून, बैलगाडीतून, हल्ली मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून ती बिंदगी शेतात येते. सकाळी पहिला पेला थंड लागतो, दुसरा आंबट, तिसऱ्यानंतर तुरीच्या ओळीत पाय पसरून माणूस कुणाच्या बापाचं देणं लागत नाही. फ्रीजमधल्या आंबिलीला ती चव येत नाही; आमच्या आत्याने फ्रीज घरात आला त्या वर्षीच हा निकाल दिला आणि तो बदललेला नाही. शहरातली नोकरी, ट्यूशन, नीटची टेस्ट सिरीज हे सगळं एक दिवस बंद ठेवायला लावणारी दुसरी ताकद लातूर जिल्ह्यात मला माहीत नाही. निवडणुकीलाही तेवढं जमत नाही.

तर, येळवस उद्यावर, आणि आम्ही माळावर तीन मीटर रुंद.

रात्र तिरक्या पलंगावर काढली. उजवीकडच्या फटीतून थंडी येत होती आणि ठराविक वेळाने एक गाढव ओरडत होतं. इतक्या जवळून, की बायकोने एकदा झोपेत ‘अहो, काय झालं?’ विचारलं.

सकाळी शेजारच्या पालातला घिसाडी आला. त्याची भट्टी रात्रीच पेटलेली होती. नवरा तापलेलं लोखंड चिमट्याने धरायचा आणि बायको घण घालायची, विळे, खुरपी, कोयते. त्याने दातेरी पट्टी पाहिली. ‘एक मोटर मेलीय. दोन्ही सोडवल्या तर ढकलून आत जाईल.’ साडूंच्या माहितीपुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर हेच लिहिलेलं होतं. स्क्रू काढता काढता त्याने विचारलं, ‘साहेब, ह्या गाडीचा पत्ता कोनता धरतेत?’

‘पुण्याचा. आरसी बुकावर असतो.’

‘म्हंजी गाडीला पत्ता भेटतो.’

त्याच्या मुलीला कॉलेजसाठी जातीचा दाखला हवा होता. भटक्यांना त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून घराणं महाराष्ट्रात राहतं याचा पुरावा लागतो. कुणा आजोबा-पणजोबाच्या शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा. त्याचा आजोबा त्या दिवशी याच पट्ट्यात कुठेतरी होता, बैलगाडीवर, भाता घेऊन. जमीन नव्हती. शाळेत नाव नव्हतं, कारण गाडी आठवड्याला गाव बदलायची. मी ज्या शाळेत हेडमास्तर होतो तिथलं जुनं प्रवेश रजिस्टर मला पाठ आहे. त्यात देशमुख आहेत, पाटील आहेत, मारवाड्यांची पोरं आहेत. ज्यांच्याकडून शाळेच्या बागेची खुरपी करून घेतली जायची त्यांचं एक नाव नाही. आता त्याच रजिस्टराची नक्कल आणा म्हणून त्यांना तालुक्याला हेलपाटे घालायला लावतात. हौसेने चाकांवर राहणाऱ्यासाठी सरकारी धोरण, आणि पोटासाठी राहणाऱ्याला पुरावा. मी त्याला एक अर्ज लिहून दिला. माझी अर्जाची भाषा चांगली आहे. तिने काय होणार ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही. त्याने अर्ज घडी करून ठेवला आणि पैसे घेईना.

त्याची बायको घण टेकवून उभी होती. ‘आन् न्हाईच गेली आत, तर कापून देऊ का?’

मोटरी निघाल्या. आता अडचण अशी, की दोन्ही बाजू एकाच वेळी, सारख्याच जोराने ढकलायच्या. हे काम करायला साडूंच्या गाडीत एक महागडा कंट्रोलर होता आणि तो दिवा मिचकावत होता. डावीकडे घोड्यांचे दलाल, उजवीकडे रांगेतली माणसं, ती सकाळी पुन्हा आली होती. कुणीतरी ओरडलं, ‘येळकोट येळकोट’, सगळ्यांनी ‘जय मल्हार’ला जोर लावला, आणि खोली दोन्हीकडून सारखी, बोटभर इकडेतिकडे न होता आत गेली. माझ्या खांद्यावर भंडारा पडला. व्हिडिओ कॉलवर साडू काहीतरी सांगत होते; गर्दीत ऐकू आलं नाही. खोली पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून बाजारातून बैलाचं नवंकोरं दावं आणून ती आतून बांधून टाकली.

पलंग मधोमध आला. त्याच्यापलीकडे फ्रीज, न्हाणी आणि माझ्या पाण्याचा नळ. दारातून आत आल्यावर पाऊल ठेवायला जागा उरली ती चपलांपुरती.

अहमदपूर, चाकूर, पाणंदीतून गाडी शेतात शिरली तेव्हा गोतावळा खोपीपाशी जेवायला बसत होता. पोरं धावत आली. आत्या सावकाश उठली, दारातून डोकावली, पलंग पाहिला, दावं पाहिलं. ‘येवढी मोठी गाडी, आन् बसायला जागा न्हाई का रे?’ आणि परत जाऊन पांडवांपुढे बसली. कुणी केवढ्याला पडली विचारलं नाही. मीही उंड्यांवर लक्ष दिलं. आंबील उत्तम जमली होती.

तिसऱ्या पेल्यानंतर मी तुरीच्या सावलीत आडवा होतो. साडूंचा फोन बायकोने घेतला. तेवढ्यात पाणंदीतून मोटारसायकल आली, मागे पागोटं. गाडी म्हणे हायवेवरूनच दिसली. तो खाली उतरला, आत्याच्या पाया पडला, आंबिलीचा पेला घेतला आणि बंडीच्या खिशातून विसाराच्या नोटा काढून बायकोपुढे धरल्या.

‘भाऊजी,’ बायको फोनवर म्हणाली, ‘हे आंबील पिऊन झोपलेत. पण मला एक सांगा, तीन बोटं म्हणजे नक्की किती होतात?’