पास

सडा टाकून झाला की काकू सूप घेऊन बांबूच्या कुंपणाशी येतात. तांदूळ निवडायचं निमित्त, आमच्या चोरखमारा गावाची बातमी द्यायची असते.

"ऐकलं का जी मास्तर? पलीकडच्यांचा पास झाला."

"पोरगा? निघाली एकदाची बारावी!"

"पोरगा कायचा, ट्रॅक्टर! गोंदियाले नेला होता पासिंगले. पोरगा दोनदा बसला, दोनदा पडला. आता नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटवर दिवसभर टाइमपास करते."

मास्तरकीची सवय जात नाही. मी सांगत सुटलो की हा 'पास' मूळचा पाऊल. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये 'पासुस'. दोन पावलं मिळून एक पासुस, आणि असे हजार झाले की एक मैल. 'मैल' हा शब्दच मुळी त्यांच्या 'हजार'वरून आलाय. पुढे फ्रेंचांनी त्याचं 'पुढे जाणं' केलं. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं, फ्रेंच दरबारात बसली आणि तिच्याकडून तो इंग्रजीत शिरला.

काकूंनी सूप पाखडलं. "म्हणजे चालते तो पास, अन् पानठेल्यावर बसून राहते तो टाइमपास."

याला उत्तर नव्हतं. तरी मी म्हटलं, "इंग्रज माणूस मेला तरी 'पास झाला' म्हणतात, काकू."

"बरं हाय. मेल्यावर तरी कोणी नापास होत नाही."

मग त्यांना शंका आली. "वखराले पण पास असते न जी? लोखंडाची?" ती पास आपली, वेगळी. आणि 'जवळपास'मधला पास संस्कृत 'पार्श्व'चा, म्हणजे बगलेचा. इंग्रजाचं त्यात काही नाही.

पण खरा पास काकूंच्या घरानं पाहिला तो जंगलाचा. आमच्याकडे तेंदूपत्त्याचा ट्रक वाहतूक पासाशिवाय हलत नाही. बांबूचं तर विचारूच नका. १९२७ च्या वनकायद्यानं बांबूला २०१७ पर्यंत झाडांत बसवलेलं होतं, म्हणजे काठी गवताची नि कायदा सागवानाचा! "तुमचे काका एकदा चार बांबू आणताना अडकले," काकू म्हणाल्या, "कागद दाखव म्हणे. बांबू तर समोर दिसूनच राह्यले होते!"

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला. तरी पासाचं पुस्तक गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावं लागलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि त्यांनी ते पुस्तक ग्रामसभेला दिलं. देशात हे पहिल्यांदा घडलं. ज्याचा बांबू, त्याचीच पासावर सही. मला विचाराल तर 'पास' शब्दाचा याहून मोठा प्रवास इंग्लंडातही झाला नसेल.

"मग त्याइनं मंत्र्याले पास मागतला का, गावात याचा?" काकूंनी विचारलं.

तेवढ्यात धूळ उडवत पलीकडचा पोरगा मोटारसायकलवरून निघाला. काकूंनी सूप कुंपणावर टेकवलं आणि हात आडवा केला.

"काहून रे, ट्रॅक्टर पास झाला म्हणे! पेढे कुठी हायत?"