भुलाबाईचा मुक्काम पोस्ट न्यूयॉर्क

ती. आई-बाबांस सा. न.

पोळ्यांची कणीक भिजवून ठेवली आहे, ती मुरेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते. मूर्तींचं पार्सल पोचलं. भुलाबाई धडधाकट आहेत, भुलोजींचा फेटा मात्र कपाळापासून सुटला. ह्यांनी गोंद लावून बसवला, पण किंचित तिरपा. आता भुलोजी थेट प्रभाकरकाका दिसतात, लग्नाच्या फोटोतले. काकूला हे वाचून दाखवू नका.

आई, काल फोनवर एवढी का चिडलीस? भुलाबाई रस्त्यावर नाही मांडली गं, वस्तीच्या सामाईक बागेत मांडली. पिंटूला फोटोत जाळीचं कुंपण तेवढं दिसलं आणि त्याने सगळ्या ग्रुपवर बोंब ठोकली. आमच्या ह्या भागात १९७०च्या दशकात घरमालक इमारती वाऱ्यावर सोडून गेले, कित्येक जळाल्या. मागे उरलेल्या प्लॉटांवर विटांचे ढीग आणि उंदीर. पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांनी ते ढीग उपसले, मिरच्या-टोमॅटो लावले आणि मधोमध आपल्या गावाकडच्यासारखी लाकडी घरकुलं उभी केली. त्यांना 'कासिता' म्हणतात. रंग असे की कुंदामावशीची शालूची निवड त्यापुढे सोज्वळ वाटावी. नवव्या गल्लीच्या कोपऱ्यावर 'ला प्लाझा कल्चरल' बाग आहे. तिच्या कुंपणावर रोलांडो पोलिती नावाच्या कलावंताने पत्र्याचे रिकामे डबे कापून केलेली फुलं आहेत. बाबांचे रंगाचे डबे आठवले.

आता नियम ऐका. एप्रिल ते ऑक्टोबर आमची बाग आठवड्याला किमान २० तास सगळ्यांसाठी उघडी हवी, कारण जागा सरकारी. म्हणजे कुणीतरी फाटकाशी बसायचं. हे 'कुणीतरी' बहुतेक हेच असतात. मुलीची परीक्षा असो, मला ताप असो, शनिवारी हे थर्मास घेऊन फाटकाशी हजर. पाळी चुकवली की मीटिंगमध्ये नाव निघतं. मीटिंग तर विचारू नका; खताच्या पेटीचं झाकण कुणी उघडं टाकलं ह्यावर दीड तास!

येणारा जाणारा विचारतो, "आत येऊ का?" मग ह्यांचं व्याख्यान सुरू: १९७३मध्ये लिझ ख्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पहिली बाग कशी केली, फुग्यांत बी-खत भरून कुंपणापलीकडे कसं फेकलं. ऐकणारा बिचारा फक्त बाथरूम शोधत असतो. ते बागेत नाही.

कोजागिरीच्या आसपास बागेचा शरद-मेळा होता, ज्याने त्याने आपलं काहीतरी करायचं. ज्वारीचे धांडे कुठून आणू? बागेतल्या मक्याचे पाच धांडे कापले, माखर उभं केलं आणि टिपऱ्या घेऊन रिंगण धरलं. तिसऱ्या गाण्यात मी अडकले. मागून कुणीतरी ओळ उचलेल म्हणून थांबले, तर मागे कुणीच नव्हतं. लेकीला पहिलं कडवंही धड येत नाही. आई, तुझा आवाज नाही, मावशीचा नाही. डोळे भरून आले बघ. तेवढ्यात शेजारच्या पोर्तो रिकन आजी हातात पान्देरेता घेऊन शिरल्या. आपल्या हलगीची धाकटी बहीण समज. त्यांना गाणं कळलं नाही, ठेका कळला. मग काय, भुलोजी माहेरून न्यायला आले तरी आम्ही थांबेना.

खाऊ ओळखायला लावला, डबा वाजवून दाखवला. कुणी म्हणे बटाटा, कुणी म्हणे केक. आजींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "गांदुलेस!" मी थक्क. डब्यात सोलेभात होता, आणि गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे दाणेच. त्यांच्याकडे सणाला भातात हेच पडतात. फ्रोझन पाकिटाची किंमत मात्र सांगत नाही. बाबा अमरावतीहून तुरीचं पोतंच पाठवायला निघतील.

काकूच्या मोतीबिंदूचं काय झालं? आणि पिंटूला मुलगी पसंत आहे की फक्त तिच्या बाबांचं शेत?

बाबा, लेआउटमधल्या ओपन स्पेसवर गाळे निघणार म्हणता. इथेही १९९९मध्ये महापौरांनी ११४ बागा लिलावाला काढल्या होत्या. माणसं रस्त्यावर आली, आणि शेवटी दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या. त्यातली एक बेट मिडलर ह्या गायिकेची. आपल्या लेआउटमध्ये गायिका म्हणजे फक्त देशपांडेबाई, त्यांच्यावर विसंबू नका. मंजूर नकाशाची झेरॉक्स काढून ठेवा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि तोवर तिथला मोडका झोका कुणाला हलवू देऊ नका.

तुमची
मीना