दुसऱ्या स्लॉटमधल्या घरजावयास

श्री. दुसरे ग्राफिक्स कार्ड ऊर्फ जावईबापू यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

2015 च्या दिवाळीत आपल्याला लॅमिंग्टन रोडवरून घरी आणलं. आपल्या घराण्याचं नाव घेत नाही. जावयाची अब्रू चारचौघांत काढू नये. पहिलं कार्ड घरात मुकाट राबत होतं. "अगदी तस्संच दुसरं लावा, ब्रिजने जोडा, वेग डबल," दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली.

मग मानपान सुरू झाले. 550 वॅटचा पॉवर सप्लाय आपल्या पंगतीला पुरेना, 850 चा आणला. मदरबोर्डही आपल्या तोलामोलाचा हवा, तोही बदलला. आपण खालच्या स्लॉटमध्ये विराजमान झालात आणि आपले गरम उसासे वरच्या बिचाऱ्याच्या पंख्यात जाऊ लागले.

कामाची वाटणी मात्र न्याय्य होती. एक फ्रेम त्याने काढायची, पुढची आपण. आकडा वाढला, नाही म्हणत नाही. पण दोन फ्रेम पाठोपाठ यायच्या, मग क्षणभर खोळंबा. स्क्रीनच्या कोपऱ्यात 90 एफपीएस आणि डोळ्यांना मुरूम टाकलेल्या रस्त्यावरची एसटी!

मेमरीचा हिशेब तर आपणच शिकवलात. चार जीबी अधिक चार जीबी बरोबर चार जीबी. दोघांनाही तोच पसारा आपापल्याकडे ठेवावा लागतो म्हणे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या म्हणून वाचायला दोन पुस्तकं होत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

नव्या गेम आल्या आणि आपण पूर्ण निवृत्तच झालात. चित्राच्या कडा गुळगुळीत करायला त्यांना आधीची फ्रेम लागते. ती नेमकी दुसऱ्या कार्डाकडे. ती मागवण्यात वेळ दवडण्यापेक्षा गेम बनवणाऱ्यांनी आपल्याला आमंत्रण देणंच बंद केलं.

आपले पूर्वज असे नव्हते हो. 1998 मध्ये थ्रीडीएफएक्सची दोन वूडू2 कार्डं एक ओळ तू, एक ओळ मी अशी चित्र काढायची. एकट्याची धाव 800 बाय 600 पर्यंत, जोडीची 1024 बाय 768. एनव्हिडियाने 2004 मध्ये एसएलआय ही त्या जोडणीची आद्याक्षरं नव्या अर्थाने वापरली. पुढच्याच वर्षी एटीआयने क्रॉसफायर आणलं. 2022 च्या आरटीएक्स 4090 वर मात्र ब्रिजची खाचच नाही. घराण्यानेच सोयरीक तोडली.

आणि आपले भाऊबंद? अ‍ॅनिमेशनच्या रेंडर फार्मवर शेकड्यांनी घाम गाळतात. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र फ्रेम दिलेली असते आणि कितीही वेळ लागला तरी कुणी स्क्रीनसमोर माऊस धरून ताटकळत नाही. सेकंदाच्या साठाव्या भागात दोघांनी मिळून एक घास भरवावा, ही अपेक्षा माझी. तेव्हा गुन्ह्यात माझाही वाटा आहे.

गेल्या महिन्यात आपल्याला काढलं. गेम सुरळीत चालली, खोलीही थंड झाली. आपल्याला विकायला काढलं, तर एक कॉलेजचा मुलगा आला. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पैसे मोजले आणि डोळे चमकवत विचारलं, "काका, असंच अजून एक मिळेल का?"

मी खरं सांगणार होतो. पण वर्षानुवर्षांचं वीजबिल आठवलं आणि तोंडून निघालं, "आहे ना!"

कळावे, लोभ नसावा.

आपला,
सासरा